बसलेला चास

आईने तोंड मिटलं ते दसऱ्याच्या दुपारी. पुरण दुधात कालवून, गाळणीतून गाळून, कोमट करून मी चमचा तिच्या ओठांपाशी नेला. एरवी चमचा दिसला की ती ओठ उघडायची. त्या दिवशी उघडले नाहीत. मी लाडीगोडी लावली, मग रागावले, मग चमच्याचं टोक ओठांच्या फटीत जरासं दाबलंसुद्धा. पुरण हनुवटीवरून गळ्याकडे ओघळलं. तिचा डावा हात तेवढा चालत होता. त्या हाताने तिने चमचा बाजूला सारला. मला वाटलं, भूक नसेल. मी स्वयंपाकघरात गेले, ताट वाढून घेतलं आणि पोटभर जेवले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी फार शहाणपणाने वागले असं कुणाला वाटायला नको.

आषाढात तिला अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. बोलण्यातला एकच शब्द उरला, 'हाऊ'. 'हा माणूस', 'हा पक्षी' म्हणताना आपण जो 'हा' वापरतो, त्याला अहिराणीत 'हाऊ' म्हणतात. पाणी हवं असलं तरी हाऊ, कूस बदलायची असली तरी हाऊ, माझा राग आला की जोरात हाऊ. जळगावातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या या घरात आम्ही दोघीच. मी लग्नाच्या भानगडीत पडले नाही. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, आधी धुळ्याला, मग इथे, आणि गेल्या वर्षी निवृत्त झाले. आईची सेवा करायला मोकळी झाले असं लोक म्हणाले. मला ते ऐकायला बरं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशीही तिने तोंड उघडलं नाही तेव्हा दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण, शांत बोलणारे. ते म्हणाले, "आणखी एखादा छोटा झटका येऊन गेला असेल. गिळता येत नसेल तर नाकातून नळी टाकून पोटात दूध-पेज सोडावी लागेल."

"तिला येत नाही असं नाही," मी म्हटलं, "ती घेत नाहीये."

त्यांनी स्वतः पाण्याचा चमचा लावून पाहिला. तिने त्यांनाही ओठ उघडून दिले नाहीत. त्यामुळे तिला गिळता येतं की नाही, हे कळायला कुणालाच मार्ग राहिला नाही. नळी टाकली. तासाभरात तिने ती डाव्या हाताने ओढून काढली. पुन्हा टाकली, पुन्हा काढली. तिसऱ्यांदा सिस्टरने तो हात बँडेजने खाटेच्या दांडीला बांधला. आई माझ्याकडे बघत राहिली. मी ती नजर अर्धा तास सहन केली, मग गाठ सोडली, आणि तिने माझ्यासमोर नळी उपसून काढली.

मग मी काय करावं? तिसऱ्या दिवशी 'स्वतःच्या जबाबदारीवर' अशी सही ठोकून मी तिला घरी आणलं. डॉक्टर चिडले नाहीत, हेच मला जास्त लागलं. म्हणाले, "पाच दिवस घरी सलाईन लावू, सिस्टर येऊन जाईल. पण मॅडम, सलाईनवर माणूस जगत नाही. पाच दिवसांत त्या खायला लागल्या तर ठीक, नाहीतर नळीशिवाय इलाज नाही." पाच दिवसांत आईने घोटभर गिळून दाखवायचं होतं. माझं सगळं लक्ष तेवढ्यावर आलं.

त्याच दिवशी सिस्टर खिडकीच्या गजाला सलाईनची बाटली बांधत होती. तिथे दसऱ्याची आपट्याची पानं वाळून पडली होती. ती उचलता उचलता माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

आईचं माहेर शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला. त्या गावात दसऱ्याला चास दिसल्याशिवाय बायका अन्नाला शिवत नाहीत. चास म्हणजे पुस्तकातला नीलकंठ, ज्याला नीलपंखही म्हणतात. लग्न होऊन आई इकडे आली तरी तिने हा नेम सोडला नाही. दसऱ्याला सकाळपासून गच्चीवर उभी. कपाळावर हात आडवा धरून विजेच्या तारा न्याहाळायची. मी तिची टिंगल करायची. म्हणायची, "आई, तुझा चास नाश्ता करून निघालाय, तूही दोन घास खाऊन घे." एका वर्षी गच्चीवरून दिसला नाही म्हणून बाई एकटी रिक्षा करून आसोद्याच्या रस्त्याला गेली आणि चार वाजता परत आली. "दिखना!" म्हणजे दिसला, एवढं म्हणाली आणि तीन पोळ्या खाल्ल्या.

आणि यंदा मी ते साफ विसरले होते. अंथरुणावर पडलेल्या, बोलता न येणाऱ्या बाईसमोर मी पुरण घेऊन बसले होते आणि ती तोंड उघडत नाही म्हणून तिच्यावर खेकसत होते. मला इतकी लाज वाटली की तिच्याकडे बघवेना. पण खरं सांगायचं तर लाजेच्या मागोमाग आनंदही झाला. म्हणजे ती उपाशी होती ती नेमामुळे. तिला गिळता येत होतं. डॉक्टर चुकले होते. एक चास दाखवायचा, की झालं.

आधी मोबाईलवर दाखवला. तिने डोळे मिटले. काचेच्या आतलं ती कधी खरं मानत नसे. टीव्हीवरच्या देवालाही तिने कधी हात जोडले नव्हते. मग चौथ्या दिवशी मी रुग्णवाहिका बोलावली. दोन माणसांनी तिला स्ट्रेचरवरून तीन मजले उतरवलं. आसोद्याच्या रस्त्याला कापसाच्या शेतांशेजारी आम्ही तासभर थांबलो. ऊन असं की पत्रा तापून आत भट्टी झाली. शेवटी ड्रायव्हर ओरडला, "बाई, तो काय तारेवर!" आई आडवी होती. तिला बसवलं की रक्तदाब उतरायचा, म्हणून उठवता येत नव्हतं. बाजूच्या काचा दुधी. आम्ही मागचं दार उघडून स्ट्रेचर ओढेपर्यंत तार रिकामी झाली होती. आईने त्या तासाभरात गाडीचं पांढरं छत पाहिलं, दुसरं काही नाही. परत येताना मी तिच्या पायाशी बसून रडले. सिस्टरने सलाईनची बाटली उंच धरली होती, आणि ती बिचारी मला गप्पही करू शकत नव्हती.

घरी आल्यावर मामाला फोन लावला. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. त्याला ऐकू कमी येतं, म्हणून तो फोनवर शेतातून हाक मारल्यासारखा बोलतो.

"आरे माय, मंग तिले फळीवरना चास दखाड ना!"

"कसली फळी, मामा?"

तेव्हा कळलं. त्या गावात एक लाकडी फळी होती. तिच्यावर चास रंगवलेला होता आणि बाजूने रुंद फ्रेम होती, म्हणजे धरताना बोट पाखराला लागायला नको. दसऱ्याला गावचा सुतार ती फळी घेऊन फिरायचा. बाळंतीण, पाय मोडलेला माणूस, अंथरुणाला खिळलेली म्हातारी, ज्यांना शिवारात जाता येत नाही त्यांच्या उशाशी उभा राहायचा. फळीवरचा चास देखला तरी नेम पुरा. आईने माझ्या जन्माआधी, माझ्या थोरल्या भावाच्या बाळंतपणात, त्या फळीचं दर्शन घेऊन जेवण केलं होतं. तो भाऊ पुढे राहिला नाही, हे मला माहीत होतं. फळीचं मला कुणी सांगितलं नव्हतं.

"ती फळी कुठे आहे आता?"

"वाळवीनी खाई टाकी. पुरी, बठ्ठी. नवी कर ना, माय. लाकूड म्हंजे लाकूड."

जळगावातले पाट्या रंगवणारे बहुतेक फ्लेक्सच्या धंद्यात शिरले. मला आठवला तो धुळ्याचा पेंटर. आमच्या शाळेच्या भिंती, तक्ते, फलक तोच रंगवायचा आणि माझ्याशी भांडायचा, कारण मी चुका काढायची. नंबर शाळेच्या शिपायाकडून मिळाला.

"बाई, तुम्ही?" तो म्हणाला. "फुलाच्या चित्रात एक पाकळी कमी होती म्हणून तुम्ही मला अख्खी भिंत पुसायला लावली होती."

मी त्याला सगळं सांगितलं. मग तो भांडला नाही. म्हणाला, जुन्या दुकानाच्या दाराची सागवानी फळी पडून आहे, पन्नास वर्षं वाळलेली, ती बाक घेणार नाही. फ्रेमही मीच करेन, खिळा न मारता, लाकडी खुंट्यांनी. दोन दिवस द्या. फक्त पक्ष्याचा फोटो पाठवा, कारण मी तो कधी नीट पाहिलेला नाही.

फोटो निवडायला मी तास घातला. वर्गात पक्ष्यांचा धडा शिकवताना मुलांना म्हणायची, नीलकंठाचा कंठ निळा नसतो, नीट बघा, तपकिरी असतो, त्यावर बारीक रेघा असतात. त्या रेघा मोजता येतील असा फोटो मी शोधून काढला. तारेवर बसलेला, बाजूने, चोच, डोळा, नखं सगळं स्पष्ट. शाळेत तक्ता लावावा असा. पेंटरला पाठवला आणि खाली लिहिलं, 'रेघा चुकवू नका.'

तो सातव्या दिवशी सकाळच्या एसटीने आला. फळी चादरीत गुंडाळून मांडीवर धरून आणली होती. चादर सोडली आणि मी बघतच राहिले. इतकं चांगलं काम त्याने शाळेत कधी केलं नव्हतं. छातीवरचा विटकरी-जांभळा रंग, गळ्यावरच्या रेघा, डोक्यावरची निळसर टोपी, सगळं बरोबर. फ्रेम चार बोटं रुंद, कोपरे असे जुळलेले की सांध्यात नख शिरणार नाही, आणि हाताने घासून घासून मधाच्या रंगाला आणलेली. चारी बाजूंना त्याने कापसाची बोंडं कोरली होती. ती दाखवताना तो लाजला.

आम्ही दोघांनी फळी आईच्या समोर धरली. तिने डोळे उघडले. पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मी एका हाताने फळी धरली होती, दुसऱ्या हातात पेजेची वाटी. मग तिने मान भिंतीकडे वळवली.

"हाऊ," मी म्हटलं, "आई, हाऊ चास. बघ तरी." मी तिच्या डोळ्यांसमोर फळी नेली. तिने डोळे मिटले. मी फळीवर बोट आपटत म्हणाले, "हाच तो! आणखी काय हवंय तुला?" पेंटरने माझा हात धरला. एरवी मी त्याला तिथल्या तिथे सुनावलं असतं.

मामाला पुन्हा फोन. मी ओरडून विचारलं, फळीवरचा चास कसा होता? त्याला प्रश्नच कळेना. चास जसा असतो तसा होता. मी म्हटलं, बसलेला? तारेवर, फांदीवर?

पलीकडे मामा हसायलाच लागला, मग माझा आवाज ऐकून थांबला. "बशेल चास कोन देखस, माय? बशेल म्हंजे मातीनं ढेकूळ. तो उडाले पाह्यजे. पंख खोलात, तव्हय दिखना म्हनो."

हे त्याने आधी का सांगितलं नाही, असं विचारण्यात अर्थ नव्हता. पाणी ओलं असतं हे कुणी सांगतं का? चास बसलेला असतो तेव्हा मळकट, तपकिरी. पंख उघडले की निळाईचे दोन पट्टे झळकतात, एक गडद, एक फिकट. हे मला माहीत होतं. मी ते शिकवलंही होतं. पण तक्त्यावर पाखरू बसलेलंच असतं, म्हणून मी बसलेलं पाठवलं. आईचं सगळं लक्ष आयुष्यभर त्या एका क्षणावर होतं आणि मला तिच्या चासाच्या गळ्यावरच्या रेघा मोजायच्या होत्या. इतकं शिकून मी अशी ठोंब कशी राहिले, कोण जाणे.

उद्या डॉक्टरांची मुदत संपत होती. पेंटर फळीकडे बघत होता. पिशवीत रंग होतेच, पक्क्या सवयीने आणलेले. तो म्हणाला, "उघडतो पंख. इथेच."

"पण जागा कुठे आहे?" पक्षी फळीभर बसलेला. दोन्ही बाजूंना बोटभर लाकूड उरलेलं, मग फ्रेम.

तो फ्रेमवरच्या बोंडावरून अंगठा फिरवत राहिला. मला त्याचं वाईट वाटलं, पण थांब म्हणवलं नाही. मग त्याने ब्रश गडद निळ्यात बुडवला आणि खांद्यापासून सरळ बाहेर ओढला. लाकूड संपलं, फ्रेम लागली, ब्रश थांबला नाही. कोरलेल्या बोंडांवरून, घासलेल्या कोपऱ्यावरून निळा रंग गेला. त्यामागून फिकट पट्टा. मग दुसरा पंख. शेपूट खालच्या फ्रेमवर पसरली. मी खिडक्या उघडल्या तरी खोलीत टर्पेंटाइनचा वास दाटला. त्या वासानेच असेल, आईने मान वळवली.

ती बघत होती. दुसरा पंख निम्मा झाला होता. पेंटर पाठमोरा, त्याला कळलं नाही. मी त्याला म्हटलं, "बाजूला सरका," आणि तो खाटेच्या पायथ्याशी सरकून हात लांबवून रंगवत राहिला, म्हणजे तिला ब्रशचं टोक दिसावं. पंख तिच्यासमोर उघडत गेला. तिचा डावा हात चादरीवरून उठला, कपाळाला लागला, आणि तिथेच टेकून राहिला. आईने चास पाहिला होता. त्या क्षणी मला जो आनंद झाला तेवढा पूर्वी कधी झाला असेल तर आठवत नाही.

मग तिने तोंड उघडलं. स्वतःहून, चमचा दिसायच्या आधीच. मी धावत पेज आणली. अर्धा चमचा जिभेवर ठेवला. तिने ओठ मिटले. गळा हलायची मी वाट बघत होते. पेंटरही ब्रश हातात धरून बघत होता. तिने डोळे घट्ट मिटले, कपाळावर आठ्या आल्या, ती जोर लावत होती हे स्पष्ट दिसत होतं. गळा हलला नाही. पेज ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून बाहेर आली. मी म्हटलं, घाईघाईत दिलं, थोडं पातळ करू. पातळ करून दिलं. या वेळी तिला ठसका लागला, चेहरा निळा पडला, आणि पेंटरने तिला कुशीवर वळवून पाठ थोपटली. मी नुसती उभी होते. तिसऱ्यांदा तिने पुन्हा तोंड उघडलं. मी चमचा वाटीत ठेवून दिला.

मी फोन केल्यावर डॉक्टर दुपारी घरी आले. तपासून म्हणाले, दुसरा झटका दसऱ्यालाच आला असणार. गिळणं तेव्हाच गेलं. मग तिने ओठ मिटले ते नेमासाठी की येत नाही हे तिला कळलं म्हणून? मी विचारलं. ते मला सांगता येणार नाही, असं ते प्रामाणिकपणे म्हणाले. मलाही ते कधी कळणार नाही. एवढं मात्र मी पाहिलं की चास दिसल्यावर तिने तीनदा तोंड उघडलं, आणि तिला फार भूक लागली होती.

पेंटर चारच्या गाडीने परत गेला. मी पाकीट पुढे केलं, त्याने हात मागे घेतला. फळी ओली होती, ती त्याने भिंतीला टेकवून ठेवली आणि आईच्या पायांना हात लावून, चपला हातात घेऊन जिना उतरला.

मी नळीला हो म्हटलं आणि सिस्टरने ती आणली. टाकताना आईला उमासे आले, डोळ्यांतून पाणी वाहिलं, पण नळी गेली. सिस्टरने नाकाला चिकटपट्टी लावली, दूध सोडलं, आणि सवयीने बँडेज काढून डावा हात खाटेला बांधायला घेतला. मी म्हटलं, नको, मोकळा असू दे. ती म्हणाली, आजी काढून टाकतील. मी म्हटलं, काढू देत.

ती गेल्यावर मी खाटेजवळ बसले. आई छताकडे बघत होती. दवाखान्यात नळी ओढताना तिच्या डोळ्यांत जो राग होता तो मी शोधत होते आणि तो सापडत नव्हता. मी तिचा हात उचलला, तिच्या नाकापाशी नेला, बोटं नळीभोवती ठेवली.

"ओढ," मी म्हटलं. "आई, ओढ ना गं."

तिची बोटं सुटली. हात गालावरून घसरत चादरीवर आला, आणि तसाच राहिला.